तीन नंबरची डिस्क

फोन पुण्याहून होता आणि निरोप साधा होता: "तीन नंबरची डिस्क काढा आणि नवी घाला. सर्व्हर बंद करायची गरज नाही." माढा तालुक्यातल्या एका पतसंस्थेची मागची खोली. एका भिंतीला जुन्या कीर्द-खतावण्यांचे कापडात बांधलेले रुमाल, दुसऱ्या भिंतीला लोखंडी रॅकवर ठेवलेला सर्व्हर. त्याच्या दर्शनी बाजूला आठ खण, पैकी डावीकडचे चार भरलेले. तिथल्या लिपिकाने बोट ठेवून मोजलं, एक, दोन, तीन, आणि खटका दाबून तिसरी डिस्क बाहेर ओढली. काउंटरवरच्या सगळ्या पडद्यांवरची खाती जिथल्या तिथे थांबली.

मोजण्यात त्याची काही चूक नव्हती. आपण एकपासून मोजतो, हा सर्व्हर शून्यापासून मोजत होता. शून्य, एक, दोन, तीन: त्याच्या लेखी तीन नंबरची डिस्क म्हणजे आपली चौथी. बिघडली होती चौथी, बाहेर आली धडधाकट तिसरी. चारांपैकी एक आधीच गेलेली आणि एक हाताने काढलेली, म्हणजे उरल्या दोन, आणि दोन डिस्कांवर तो सर्व्हर चालू शकत नव्हता.

खरं तर मोजायची वेळच यायला नको होती. डिस्क बिघडली की तिच्या खणावरचा दिवा पेटतो आणि कोणती काढायची ते लांबूनही दिसतं. इथे दिवा पेटलाच नाही, कारण दिव्यांची बारीक वायर आत जोडलेलीच नव्हती. झाकण उघडल्यावर मला ती सापडली: नीट गुंडाळी केलेली, प्लास्टिकच्या पट्टीने बांधून एका कोपऱ्यात सारलेली. ज्याने सर्व्हर जोडला त्याला ती बिनमहत्त्वाची वाटली असणार. डिस्कांवर माहिती लिहिली-वाचली जात होती, काम चालू होतं, मग एक वायर राहिली तर काय बिघडलं? बिघडलं ते तीन वर्षांनी.

तालुक्याच्या गावी सर्व्हर सांभाळणाऱ्याला ही गोष्ट फार लवकर कळते. माढ्यात, कुर्डुवाडीत, टेंभुर्णीत सर्व्हर आहेत ते पतसंस्थांच्या मागच्या खोल्यांत, साखर कारखान्यांच्या वजनकाट्याशेजारी, दूध संकलन केंद्रांत, सीसीटीव्हीच्या कपाटांत. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि लोकांना वाटू लागलं, की आता सगळी माहिती कुठेतरी वर ढगातच असते. ढगातली माहितीसुद्धा कुठल्यातरी इमारतीत, कुठल्यातरी खणातल्या डिस्कवरच असते. तिथे चोवीस तास माणसं असतात, इथे सोलापूरहून किंवा पुण्याहून माणूस यायला दिवस जातो. म्हणून इथे डिस्क बसवताना पहिल्याच दिवशी जे नीट केलं असेल, तेवढंच पुढे कामाला येतं.

डिस्क म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांपुढे आणायला हवं. १९५६ साली आयबीएमने पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि मावत होती ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोलाही साधारण तेवढी जागा लागते. आताची साडेतीन इंची डिस्क तळहातावर मावते, पण कल्पना तीच आहे: फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं वाचक डोकं. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीच्या कडेचा वेग काढला तर तो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो, माढा स्टेशनावरून न थांबता सुसाट जाणाऱ्या एक्सप्रेसएवढा. आणि डोकं तबकडीपासून किती अंतरावर? काही नॅनोमीटर. आपला केस त्याहून दहा हजार पट तरी जाड भरेल.

चालू डिस्क खणातून ओढली की हे सगळं हाताला कळतं. बोटभर बाहेर घ्यायची आणि थांबायचं. वीज तुटलेली असते, पण तबकड्या फिरतच असतात. तशातच ती मनगटाने वळवायला जा, डिस्क वळायला नकार देते, भोवऱ्यासारखी हाताला उलटा हिसका देते. अर्धा मिनिट तसंच धरून राहायचं. आतली घरघर उतरत उतरत बंद झाली, की मगच पूर्ण बाहेर. पतसंस्थेतल्या लिपिकाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि नव्या माणसाला मी सर्वांत आधी हेच सांगतो.

बसवताना डिस्क कडांना धरायची, खालच्या हिरव्या पाटीला बोट लावायचं नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते, की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तीच स्थिर वीज बोटातून पाटीत उतरली तर आपल्याला जाणवणारही नाही, पण चिप मरू शकते. डिस्कला हात लावण्याआधी खोक्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, आणि मनगटपट्टा असेल तर उत्तमच. वरच्या बाजूच्या बारीक छिद्रापाशी 'झाकू नका' असं लिहिलेलं असेल, तर त्यावर कसलीही चिठ्ठी चिकटवू नये. त्या छिद्रातून डिस्क गाळून घेतलेला श्वास घेते.

मग स्क्रू. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे, साधारण साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू लागतात आणि अडीच इंचीला बारीक आट्यांचे, तीन मिलिमीटरचे. डब्यात दोन्ही एकत्र पडलेले असतात आणि पाहून फरक कळत नाही. बारीक स्क्रू जाड भोकात घातला तर फिरत राहतो, पकडत नाही. जाड स्क्रू बारीक भोकात रेटला तर आटे जातात. बोटाने दोन-तीन फेरे सहज गेले तर स्क्रू बरोबर, पहिल्याच फेऱ्याला अडला तर चूक. चारही स्क्रू लावायचे, "दोन पुरेत" म्हणून थांबायचं नाही. सेकंदाला १२० फेरे घेणारी वस्तू दोनच स्क्रूंवर उभी असेल, तर ती स्वतःच्या थरथरीनेच डोक्याला नेमक्या रेघेवर राहू देत नाही, शेजारच्या डिस्कांनाही त्रास देते. २००८ सालच्या एका चित्रफितीत सन कंपनीचे अभियंते ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कांच्या रांगेसमोर जोरात ओरडतात आणि त्यांच्या आवाजाच्या कंपनाने डिस्का मंदावल्याचं आलेखावर दिसतं. ती पाहिल्यापासून मी एकही स्क्रू सोडलेला नाही.

आता जोड. बाजारात दोन जाती आहेत, साटा आणि सॅस. साटाच्या तोंडाला दोन खाचा असतात, एक माहितीची, सात पट्ट्यांची, दुसरी विजेची, पंधरा पट्ट्यांची, आणि दोघींमध्ये मोकळी फट. सॅसमध्ये ती फट भरून काढलेली असते आणि भरलेल्या भागाच्या पाठीमागे माहितीच्या दुसऱ्या वाटेच्या पट्ट्या असतात. एक वाट बंद पडली तर दुसरीने काम चालावं म्हणून.

हे समजावताना मला कुर्डुवाडी आठवते. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनाचं नाव बार्शी रोड होतं. मुंबईकडून येणारा मार्ग ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर रुंद. बार्शीला जाणारा नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. दोन्ही गाड्या एका स्टेशनात उभ्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाईना. पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात. ही अदलाबदल पिढ्यान्‌पिढ्या चालली. साटा आणि सॅस आखणाऱ्यांनी त्रास निम्मा वाचवला: साटाची डिस्क सॅसच्या खणात बसते आणि चालते. उलटं मात्र होत नाही, सॅसची डिस्क साटाच्या केबलवर बसतच नाही, ती मधली भरलेली फट आडवी येते. जिथे अडतं तिथे जोर करायचा नाही. मी प्लास्टिक तासून सॅसची डिस्क साटावर बसवायचा प्रयत्न झालेला पाहिला आहे. बसली, पण चालली नाही, आणि चालणार नव्हती, कारण दोघांची भाषाच वेगळी.

मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक डिस्कला वेगळी केबल नसते. खणांच्या मागे एक आडवी पाटी असते, तिला बॅकप्लेन म्हणतात. डिस्क आत ढकलली की थेट तिच्यात जाऊन बसते. पाटीपासून डिस्कांचा कारभार पाहणाऱ्या कार्डापर्यंत एक रुंद केबल चार डिस्कांच्या चार वाटा एकत्र घेऊन जाते. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे लगेच कळतं: कार्ड म्हणजे मेन, रुंद केबल म्हणजे सबमेन, खण म्हणजे लॅटरल. एका सबमेनवर किती लॅटरल टाकल्या, यावर शेवटच्या झाडाला पाणी किती मिळणार ते ठरतं. सॅसच्या १२ गिगाबिटच्या चार वाटांमधून सेकंदाला ४,८०० मेगाबाइट जाऊ शकतात आणि फिरती डिस्क फार तर अडीचशेच्या आसपास देते, म्हणून चार-आठ डिस्कांना वाटणीची चिंता नाही. फसायला होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. एका टोकाला रुंद जोड आणि दुसऱ्या टोकाला साटाच्या चार शेपट्या, अशी केबल दोन प्रकारची मिळते: एक कार्डाकडून डिस्कांकडे जाणारी, एक मदरबोर्डाच्या चार साटा जोडांकडून बॅकप्लेनकडे जाणारी. दोन्ही दिसायला सारख्या, किंमत सारखी. चुकीची लावली तर सगळं घट्ट बसतं आणि एकही डिस्क दिसत नाही. दुकानातून घेतानाच दिशा सांगून घ्यावी आणि घरी आल्यावर तिच्या गळ्यात चिठ्ठी अडकवावी.

विजेचा भाग मात्र निवांत बसून समजून घेण्यासारखा आहे, कारण इथली चूक आग लावू शकते.

शेतात लाइट आली की काय होतं, ते आमच्याकडे पोरालाही माहीत आहे. सगळ्यांच्या मोटारींना ऑटो स्टार्टर. लाइट येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो. फिरत राहायला मोटारीला जेवढा प्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी पट उठताना लागतो. डिस्कच्या आतही मोटारच आहे. चालताना डिस्क सात-आठ वॅट खाते, पण तबकड्या थांबलेल्या स्थितीतून वेगात आणताना १२ व्होल्टच्या तारेतून सुमारे दोन अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट. बारा डिस्का एकदम उठल्या तर नुसत्या उठण्यालाच २८८ वॅट. म्हणून चांगली कार्डं डिस्कांना रांगेत उभं करून एकेक उठवतात. ही सोय कार्डाच्या सेटिंगमध्ये असते; ती चालू आहे की नाही, हे पाहून घ्यावं.

आता हिशेब करू. डिस्कच्या विजेच्या जोडात १२ व्होल्टसाठी तीन पट्ट्या असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, एकूण साडेचार. कुणी एका साटा जोडाला फाटे फोडून चार डिस्का लावल्या, तर उठताना चारांना आठ अँपिअर लागतात. साडेचारच्या वाटेने आठ. पहिल्या दिवशी काही होत नाही, महिनाभरही होत नाही. मग एका उन्हाळ्यात तो काळा जोड तपकिरी होतो, मऊ पडतो आणि खोलीत जळका वास येतो. तसा वितळलेला एक जोड मी जपून ठेवला आहे, शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात देतो. फाटे फोडायचेच असतील तर जुन्या पद्धतीच्या चार जाड पिनांच्या जोडापासून फोडावेत, आणि त्यातही अखंड ओतीव प्लास्टिकच्या स्वस्त जोडांपेक्षा तार पट्टीत दाबून बसवलेले घ्यावेत. ओतीव जोडात आतल्या तारा एकमेकींच्या किती जवळ सरकल्या आहेत ते बाहेरून दिसत नाही.

विजेच्याच जोडाची आणखी एक भानगड. मोठ्या क्षमतेच्या काही नव्या डिस्का जुन्या पॉवर सप्लायवर उठतच नाहीत. हात लावला तर थंडगार, आवाज नाही. लोक तिला मेलेली समजून परत पाठवतात. जोडातल्या तिसऱ्या पट्टीला पूर्वी ३.३ व्होल्ट पुरवठा असे. नव्या नियमात त्याच पट्टीवरचा व्होल्टेज म्हणजे 'झोपून राहा' असा हुकूम. जुना पॉवर सप्लाय सवयीने वीज देत राहतो, नवी डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. ३.३ व्होल्टची तार नसलेला जोड लावला की ती लगेच उठते.

केबल कशी न्यावी, याबद्दल मी थोडा हट्टी आहे. जोडापाशी केबल मोडून दुमडायची नाही, आधी दोन बोटं सरळ जाऊ द्यायची, मग वळवायची. प्लास्टिकची पट्टी करकचून आवळायची नाही. वेल्क्रोची फीत वापरावी, कारण पुढे कधीतरी ती सोडावी लागणार आहे, आणि प्लास्टिकची पट्टी कापताना कात्री केबललाही लागते. लोखंडी खटक्याची केबल घ्यावी, म्हणजे बसताना 'टक्' आवाज येतो. आणि उगाच काढ-घाल करू नये. साध्या साटा केबलचा जोड मानकानुसार ५० वेळा काढण्या-घालण्यासाठी धरलेला आहे, बॅकप्लेनचा ५००. "एकदा काढून लावून बघ" हा आपला आवडता उपाय त्या पन्नासांतलाच एकेक खर्च करतो.

काढून न बघता कसं कळावं, की दोष डिस्कचा की केबलचा? डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, स्मार्ट नावाची, आणि ती फुकटच्या सॉफ्टवेअरनेही वाचता येते. त्यातल्या तीन ओळी मी आधी पाहतो. पाच क्रमांकाची ओळ सांगते, की तबकडीवरच्या किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या. १९७ सांगते, किती जागा संशयित आहेत. हे आकडे वाढत असतील तर दोष डिस्कचा, नवी मागवावी. १९९ ची ओळ वेगळी. माहिती केबलमधून पाठवताना डिस्क आणि कार्ड दोघं तिचा ताळा पाहतात, जुने कारकून बेरजेचा पाहत तसाच. पाठवलेल्याचा ताळा एक आणि पोचलेल्याचा दुसरा निघाला, की १९९ चा आकडा एकाने वाढतो. पाच आणि १९७ शून्यावर आणि १९९ चढता असेल, तर डिस्क शाबूत आहे, वाट खराब आहे. केबल बदला. तो आकडा पुन्हा शून्य होत नाही, म्हणून बदलण्याआधी तो लिहून ठेवायचा आणि आठवड्याने पाहायचं, आणखी चढला का. "डिस्क गेली" म्हणून बोलावणं आलं आणि शंभर रुपयांच्या केबलवर भागलं, असं माझ्या बाबतीत अनेकदा झालं आहे.

ताळ्याचीच करामत त्या पतसंस्थेतल्या चार डिस्कांमध्ये होती. १९८८ साली बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडलं, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडाव्यात आणि जास्तीची एक ताळ्यासाठी ठेवावी. या रचनेला रेड म्हणतात. त्यातल्या पाचव्या प्रकारात चार डिस्कांपैकी तिघींएवढी जागा माहितीला मिळते आणि एकीएवढी ताळ्याला. ताळा चौघींवर विखरून ठेवलेला असतो. कागदावर तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहिलेली असेल आणि एक आकडा पुसला, तर उरलेल्यांवरून तो काढता येतो. दोन पुसले तर येत नाही. चौथी बिघडली होती तोवर सर्व्हर गेलेला आकडा दर वेळी काढून देत होता. तिसरी ओढली आणि दोन आकडे पुसले गेले.

मी पोचलो तेव्हा व्यवस्थापक दारात उभे होते. "दादा, सगळं गेलं का?" गेलं नव्हतं. ओढलेली डिस्क तशीच टेबलावर होती, तिच्यावरची माहिती तिच्यावरच होती. कुणी घाईने तिच्यावर काही लिहिलं नव्हतं, कार्डाच्या पडद्यावर 'नव्याने सुरुवात करू का' या प्रश्नाला कुणी होकार दिला नव्हता, हेच मोठं. सर्व्हर बंद केला. तिसरी डिस्क परत तिच्याच खणात घातली. चालू केल्यावर कार्डाने तिला परकी ठरवलं, पण तिच्यावरची जुनी मांडणी वाचली आणि ती स्वीकारू का असं विचारलं. स्वीकारली. तीन डिस्कांवर खाती परत आली. नवी डिस्क लगेच घातली नाही. आधी सगळी माहिती बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घेतली, कारण रेड डिस्क मेल्यावर काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेलं, चोरीला गेलेलं किंवा पाण्यात बुडालेलं परत देत नाही. मग चौथी काढली, नवी चार टेराबाइटची घातली. तिच्यावरचं सगळं बाकी तिघींच्या ताळ्यावरून पुन्हा लिहून व्हायला नऊ तास लागले. रात्रभर खोलीचा पंखा आणि एसी चालू ठेवून लिपिक आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

त्या रात्री आणखी तीन कामं झाली. रिकाम्या चार खणांची झाकणं कुणीतरी काढून खोक्यात ठेवली होती, ती परत लावली. खण उघडे असले तर पंख्यांची हवा सोप्या वाटेने तिथूनच निघून जाते आणि डिस्कांमधून जात नाही. बाहेर ४२ अंश असताना डिस्कची साठ अंशांची मर्यादा फार लांब नसते. गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली भुश्याची काळी राख पुढच्या जाळीत बसली होती, ती ब्रशने काढली. आणि ती गुंडाळून ठेवलेली दिव्यांची वायर सोडली, धूळ पुसली, बॅकप्लेनपासून कार्डापर्यंत नेऊन बसवली. नऊ तास पुरे होईपर्यंत चौथ्या खणाचा दिवा लुकलुकत होता.

पहाटे लिपिकाने जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घेतली आणि आठ रकाने आखले. वर शून्य ते सात. प्रत्येक रकान्यात डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि बसवल्याची तारीख. तेच चार अंक पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून प्रत्येक खणाच्या तोंडाशी लावले. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आणखी एक डिस्क गेली. मी पंढरपूरला होतो. त्याचा फोन आला, "दादा, एक नंबरचा दिवा पेटलाय. कागदावर शेवटचे अंक चार-शून्य-सात-दोन आहेत, पट्टीवरही तेच आहेत. पुण्याचे साहेब पण तेच अंक सांगतायत. ओढू का?"

"बोटभर ओढ आणि थांब," मी म्हणालो. फोनवर अर्धा मिनिट कुणीच बोललं नाही.

"थांबली," तो म्हणाला.